सांदण दरी, डिसेंबर: दोन रात्री आणि एक फोटो

सांदणचा जो फोटो हवा होता तो आम्हाला दुसऱ्या मुक्कामानंतर मिळाला. पहिल्या रात्रीनंतर जे हाती लागलं ते सगळं पांढुरकं, दुधाळ, वापरता न येणारं. गंमत नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट आहे, कारण दोन्ही दिवस कॅमेरा तोच, लेन्स तीच, माणसं तीच, आकाशसुद्धा तसंच निरभ्र. बदललं काय तर रात्र कुठे आणि कशी काढली एवढंच. म्हणून हे एकच प्रकरण धरून सविस्तर लिहितेय. आपल्या नाशिकमधून थंडी पडली की कितीतरी जण तंबू आणि कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच तिकडे निघतात आणि तयारी करताना सगळं डोकं लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर यातच असतं, रात्रीचं कोणी बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं.

जागा आधी सांगते. भंडारदऱ्याच्या मागच्या अंगाला, अकोले तालुक्यात साम्रद नावाचं गाव आहे, सांदण त्याला लागूनच. आपल्याकडून घोटी, बारी, शेंडी असं जायचं आणि शेंडीतून जलाशयाच्या कडेकडेने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत साम्रद, सगळं मिळून शंभरेक किलोमीटर, पण शेवटचा टप्पा वळणावळणाचा आहे त्यामुळे तीन तास धरूनच चाला. दरी म्हणजे काळ्या बेसॉल्टला पडलेली एक अरुंद लांबलचक चीर, पाण्याने कोरून कोरून खोल केलेली. काही ठिकाणी रुंदी जेमतेम दहा फूट आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे फुटांच्या पुढे. आत मोठमोठे धोंडे, मध्ये पाण्याचे डोह, आणि पुढे जाऊन ती सरळ कोकणाच्या बाजूला उतरते, तिथे दोर लागतो. आमचा तो बेत नव्हता, पहिल्या मोठ्या उताराच्या अलीकडूनच परत फिरायचं ठरलेलं. वर मान केली की एका बाजूला रतनगड आणि त्याचा खुटा म्हणजे सुळका, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. इतकं सगळं एका गावातून दिसतं.

आम्ही चौघं. मी, माझा मावसभाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण. दादाने हरिहर, रतनगड वगैरे केलेलं पण सगळं दिवसाचं, आणि बहुतेक पावसाळ्यातलं. मी फोटो काढते ते गोदाघाटावर नाहीतर नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे, म्हणजे सकाळी जायचं आणि दुपारी घरी. थंडीत तंबूत झोपायचा अनुभव चौघांपैकी एकालाही नव्हता. निफाडचा पारा पेपरात वाचायचा आणि स्वेटर घालून चहा प्यायचा एवढीच थंडीशी ओळख.

आणि माझ्या डोक्यात एक ठरावीक फोटो होता, तो इथे सांगितलाच पाहिजे कारण अर्धी चूक तिथेच झाली. अमेरिकेत ॲरिझोनात अँटेलोप कॅनियन आहे, नवाहो लोकांच्या जमिनीवर, नारिंगी वालुकाश्माची अरुंद घळ, आणि तिच्यात वरून उन्हाचा एकच झोत खांबासारखा खाली उतरलेला. तो फोटो कोणी पाहिला नाही असं होणार नाही. मला सांदणमध्ये तसा झोत हवा होता. डिसेंबरात, दुपारी.

शुक्रवारी निघायला उशीर झाला, मुंबई नाक्यावर ट्रॅफिक, घोटीत भाजी आणि दूध घेतलं, साम्रदला पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेलेले. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो म्हणजे हातात अर्धा तास. ज्यांच्याकडे जेवायची सोय केली होती त्यांना आम्ही मामा म्हणत होतो, ते म्हणाले, "तंबू हितं खळ्यावर लावा, घराजवळ. खाली नका लावू, खाली लई दव पडतं." आम्ही बघितलं तर खळं उघड्यावर, वारा लागणारा, आणि खाली ओढ्याजवळ एक छान खोलगट, झाडांच्या आडोशाची, गवताची जागा, दरीच्या तोंडापासून पण जवळ. वारा नाही म्हणजे थंडी कमी, असा साधा हिशोब केला आणि मामांचं न ऐकता खालीच तंबू लावला. चौघांत एकच मोठा तंबू.

हा पहिला निर्णय आणि सगळ्यात महागात पडलेला. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहते, जमिनीला चिकटलेली हवा गार होते, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागेत साचते. वारा असता तर ती वरच्या हवेत मिसळली असती. आडोसा बघून आम्ही नेमकी साचायची जागा निवडली होती, त्यात ओढा शेजारी म्हणजे हवेत ओलावा. दादाकडे छोटा थर्मामीटर होता, पहाटे पाच वाजता तंबूबाहेर ६ डिग्री.

जेवण मामींकडे, नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवून नऊ वाजता मी तारे काढायला बसले. डिसेंबरात आकाशगंगेचा तो भरगच्च मध्यभाग मिळत नाही, सूर्यच त्या बाजूला असतो, पण मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका असं सगळं पूर्वेकडून वर आलेलं असतं आणि साम्रदच्या अंधारात ते इतकं स्वच्छ दिसतं की आपण बोलायचं थांबतो. पहिले वीसेक फ्रेम उत्तम आले. मग हळूहळू ताऱ्यांभोवती वलय दिसायला लागलं, मला वाटलं फोकस हलला, परत लावला, परत तेच. बॅटरी टॉर्च लेन्सवर मारला तेव्हा कळलं, समोरच्या काचेवर बारीक बारीक थेंबांचा थर, एखाद्याने फुंकर मारून ठेवावी तसा. आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त गार होते, आणि दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या, खाली गेली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. मी रुमालाने पुसलं. दोन मिनिटांत परत तेच, शिवाय पुसल्याचे ओरखडेवजा डाग.

अकराला कंटाळून कॅमेरा तसाच उघडा तंबूत आणला आणि उशाशी ठेवला. हा दुसरा निर्णय. आत चार माणसं श्वास घेतायत, थंडी वाजते म्हणून आम्ही तंबूच्या सगळ्या जाळ्या, झडपा, चेन गच्च बंद केलेल्या, आणि अशा कोंदट ओल्या हवेत बाहेरून थंडगार झालेलं धातूचं यंत्र. रात्रभरात एक माणूस श्वासातून साधारण पेलाभर पाणी बाहेर टाकतो, चौघांचं ते पाणी कुठेतरी बसणारच. पहाटे उठलो तर तंबूच्या आतल्या कापडावरून थेंब ओघळत होते, स्लीपिंग बॅगा वरून ओल्या, आणि कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरच्या आतसुद्धा वाफ. लेन्सच्या आतल्या काचांमध्ये धुकं शिरलं की ते पुसता येत नाही, वाट बघायची एवढंच हातात राहतं. अलंग-मदनच्या कातळावर पहिलं ऊन पडलं तेव्हा मी कॅमेरा हातात धरून वाट बघत होते.

झोपेबद्दल दोन वाक्यं पुरेत. स्लीपिंग बॅग भाड्याने आणलेल्या, त्यावर ५ डिग्री लिहिलेलं, आम्हाला वाटलं ५ डिग्रीपर्यंत निवांत झोप, पण बॅगेवर आरामाचं तापमान वेगळं असतं आणि शेवटच्या मर्यादेचं वेगळं, आमचा आकडा मर्यादेचा होता. खाली फक्त पातळ योगा मॅट, त्यामुळे वरून नाही तर खालून, जमिनीतून, थंडी अंगात शिरत होती. वहिनी दोन वाजल्यापासून बसूनच होती. एका क्षणी दादा म्हणाला मामांकडून निखारे घालून शेगडी आणू का आत, आणि मी आणि वहिनी दोघी एकदमच नाही म्हणालो. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी कृपया लक्षात ठेवा, बंद तंबूत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. थंडीने रात्र वाईट जाते, त्या वायूने माणूस परत येत नाही. बाहेर शेकोटीही नाही, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, जंगलात जाळ करायचा नाही. शेकायचं असेल तर मामींच्या चुलीपाशी जाऊन बसायचं, त्या आनंदाने जागा करून देतात.

शनिवारी दुपारी झोतासाठी दरीत उतरलो. चौघांची झोप झालेली नाही, पहिल्या डोहात पाणी गुडघ्याच्या वर, पुढच्यात कंबरेपर्यंत, आणि ते पाणी डिसेंबरातलं. शनिवार असल्यामुळे मोठमोठे ग्रुप, एका फ्रेममध्ये दहा डोकी. साडेबारा वाजले, म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायची खरी वेळ, कारण आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत. मी ट्रायपॉड लावून वर बघत बसले. वर, अगदी वर, भिंतीच्या काठावर ऊन होतं. खाली एक कवडसाही नाही. एक वाजला, दीड वाजला, काही नाही.

त्या संध्याकाळी मामांच्या ओसरीवर बसून वहीत गणित मांडलं, ते नाशिकला घरी बसून मांडलं असतं तर दुपार वाया गेली नसती. हा भाग साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास, डिसेंबराच्या उत्तरार्धात सूर्य दक्षिणेला साडेतेवीस अंश कललेला, म्हणजे भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून फक्त ४७ अंशांवर असतो. डोक्यावर येतच नाही. दहा फूट रुंदीच्या चिरेत ४७ अंशांनी आडवं ऊन आलं तर ते समोरच्या भिंतीवर वरून साधारण अकरा फूट उतरतं आणि संपतं. भिंत दोनशे फूट. खाली पोचायला सूर्य एकतर दरीच्या रेषेत हवा नाहीतर माथ्यावर हवा, आणि माथ्यावर तो इथे मे महिन्याच्या मध्याला येतो, शून्य सावलीच्या दिवसांत, म्हणजे भर दुपारी उभ्या वस्तूची सावली पडत नाही तेव्हा. अँटेलोपमधले ते झोतसुद्धा साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच दिसतात, हिवाळ्यात तिथेही नाहीत. मी फोटो लक्षात ठेवला होता, त्याचा महिना नाही.

दुसरा फरक दगडाचा. वालुकाश्म फिकट नारिंगी, त्याच्यावर पडलेला प्रकाश या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत खालपर्यंत येतो आणि येताना रंग घेऊन येतो. आपला बेसॉल्ट काळा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो प्रकाश गिळतो. त्यामुळे सांदणमध्ये रंग दगडाचा मिळत नाही, तो मिळतो ओल्या पृष्ठभागावर, डोहातल्या प्रतिबिंबात, शेवाळ्यात, आणि वरच्या भिंतीला लागलेल्या उन्हाचा जो थोडा पिवळसर उजेड समोरच्या भिंतीवर सांडतो त्यात. हे समजल्यावर मला हवा असलेला फोटोच बदलला. झोत विसरायचा, सकाळी लवकर आत जायचं, पाणी हललेलं नसताना, माणसं यायच्या आधी, आणि वरच्या काठाला ऊन लागेपर्यंत थांबायचं.

पण त्यासाठी सकाळी लवकर उठायला रात्री झोप हवी आणि कॅमेरा कोरडा हवा. म्हणून शनिवारची रात्र आम्ही अगदी ठरवून वेगळी काढली.

तंबू उचलून खळ्यावर आणला. मामा काही बोलले नाहीत, नुसते उडवीकडे, म्हणजे पेंढ्याच्या ढिगाकडे, गेले आणि दोन्ही हातांत भाताच्या पेंढ्याचे भारे घेऊन आले, डिसेंबरात भात झोडून झालेला असतो, पेंढा ताजा कोरडा. तंबूखाली वीतभर थर अंथरला, त्यावर तंबू, आत मॅट. पेंढ्यात हवा अडकून राहते आणि तीच जमिनीला आणि पाठीला वेगळं ठेवते. यावेळी दोन्ही बाजूंच्या झडपा चार बोटं उघड्या ठेवल्या, मैत्रीण नको म्हणत होती, पण आरपार हवा खेळली की ओलावा निघून जातो आणि कोरड्या अंथरुणात गार हवा सोसवते, ओल्या अंथरुणात नाही. झोपताना कपडे पूर्ण बदलले, दिवसभराच्या घामाचा एक मोजासुद्धा अंगावर ठेवला नाही. डिसेंबरातली रात्र तेरा तासांची असते हे आधी लक्षातच आलं नव्हतं, आठला जेवून झोपलं तरी पाचला उठताना नऊ तास होतात, मग तारे थोडेच काढायचे ठरवले.

त्या थोड्या ताऱ्यांसाठी दवाचा उपाय वहिनीने काढला. घरी पाठ दुखली की आपण मीठ तव्यावर गरम करून पुरचुंडीने शेक देतो, तसं लेन्सला द्यायचं. मीठ नको म्हटलं, कॅमेऱ्याजवळ मीठ सांडलं तर धातू खराब होईल, तेव्हा मामींनी तांदूळ दिला. जाड लोकरी मोज्यात दोन मुठी तांदूळ, तव्यावर कोरडा गरम केलेला, तोंड घट्ट बांधून, लेन्सच्या नळीभोवती गुंडाळून रबर लावलं. एक गोष्ट लगेच कळली, तांदूळ गरम झाला की आधी त्यातून वाफ निघते, म्हणून दहा मिनिटं मोजा बाहेर ठेवून ती जाऊ द्यायची, मग हाताला सोसेल एवढाच कोमट असताना बांधायचा. साधारण अर्धा तास काच कोरडी राहिली, मग दुसरा मोजा. काच फार तापवायची नसते, भोवतालच्या हवेपेक्षा जराशी कोमट राहिली की पुरतं, दव दुसरीकडे जाऊन बसतं. मामी चुलीपाशी तवा धरून बसल्या होत्या आणि दर वेळी विचारायच्या, "बाई, अजून लागंल का?"

कॅमेरा आत आणायच्या आधी बाहेरच झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घातला, हवा काढून बंद केला, आणि पिशवीसकट बॅगेत. मग जे काही पाणी बसायचं ते पिशवीच्या बाहेरून बसतं. बॅटऱ्या तीन होत्या, तिन्ही स्लीपिंग बॅगच्या आत, पोटाशी. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, कॅमेरा संपली म्हणून सांगतो, पण ती अंगाशी धरून कोमट केली की त्यातली बरीचशी परत मिळते, म्हणून थंड संपलेली बॅटरी बाजूला टाकून देऊ नका.

पहाटे पाचला थर्मामीटर खळ्यावर ९ दाखवत होता. मला खात्री करायची होती म्हणून टॉर्च घेऊन खाली ओढ्याजवळच्या त्या कालच्या जागेवर गेले, तिथे थोडा वेळ ठेवला, ६. दोन्ही जागांत चालत चार मिनिटांचं अंतर. गवत तिथे पायाला भिजवत होतं, खळ्यावर नुसतं गार.

रविवारी पावणेसातला, सूर्य उगवायच्या आधी, दरीच्या तोंडाशी. एक साधी तयारी जी शनिवारी केली नव्हती: कोरडे मोजे, पॅन्ट आणि टॉवेल वॉटरप्रूफ पिशवीत, आणि गरम पाण्याचा थर्मास. डोह ओलांडला की पलीकडे लगेच बदलायचं, ओल्या कपड्यात दगडावर थांबून राहिलं की कुडकुडायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि फोटोग्राफीत चालण्यापेक्षा थांबणंच जास्त असतं. दादा मागे राहून वरच्या काठाकडे लक्ष ठेवत होता, माकडं वर फिरली की छोटे दगड सुटतात, हे मामांनी आवर्जून सांगितलेलं.

दोन डोहांच्या मध्ये एका सपाट दगडावर ट्रायपॉड लावला. आत अजून निळसर अंधार. आयएसओ १००, एफ ११, उघडझाप चार ते आठ सेकंद, सेल्फ टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का नको. आकाशाची पट्टी फ्रेममधून जवळजवळ पूर्ण काढून टाकली, कारण ती खालच्या दगडापेक्षा इतकी उजळ असते की एक सांभाळायला गेलं तर दुसरं जातं, जिथे थोडी ठेवायचीच होती तिथे दोन दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फ्रेम घेतल्या. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, लावून फिरवला तर ओल्या दगडावरची पांढरी चमक गेली आणि खालचा तपकिरी-हिरवा रंग वर आला, मात्र डोहातलं प्रतिबिंबही पुसलं जायला लागलं, मग अर्धवटच फिरवला. सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, कारण सावलीतला तो निळेपणा नंतर घरी बसून कमी करायचा होता.

पाणी शांत व्हायला किती वेळ लागतो हे त्या दिवशी घड्याळात बघितलं. आपण डोह ओलांडून बाहेर आल्यावर सात-आठ मिनिटं. तेवढा वेळ चौघं आपापल्या दगडावर पुतळ्यासारखे उभे. साडेआठच्या सुमाराला वरच्या काठाला ऊन लागलं, आणि हळूहळू, बघता बघता कळणार नाही इतक्या हळू, डावीकडच्या भिंतीचा मधला भाग राखाडीचा मधासारखा झाला. ऊन त्याच्यावर नव्हतंच, ते समोरच्या भिंतीवर वर होतं, हा त्याचा सांडलेला उजेड. खाली डोहात तोच पट्टा उलटा. मी सहा फ्रेम घेतल्या आणि सातवीला मागून पहिल्या ग्रुपचे आवाज यायला लागले. सहातली चौथी तो फोटो.

ज्या ग्रुपची गाठ पडली त्यातले काही जण दरीच्या आतच रात्र काढायचं म्हणत होते. त्यांना मी मनापासून नको म्हणाले आणि इथेही तेच सांगते. अँटेलोपमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या घळीत लोंढा आला, ११ पर्यटक गेले, पाऊस तिथे जेमतेमच पडला होता, मोठा पाऊस दूर वरच्या बाजूला पडला होता. आपल्याकडे डिसेंबरात पाऊस नसतो हे खरं, पण अवकाळी आता दरवर्षी कुठे ना कुठे पडतो, आणि सांदणच्या आत पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. झोपायला वर गाव आहे.

नाशिकला परतल्यावर पाथर्डी फाट्याच्या गच्चीवर तंबू दोन दिवस वाळवला, लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवली, बुरशी धरू नये म्हणून. तंबूच्या शिवणीतून अजून पेंढ्याच्या काड्या निघतायत. फोटोची मोठी प्रिंट मामांकडे पाठवलीय, त्यांनी फोनवर पहिलं विचारलं की हा दगड दुसऱ्या डोहाच्या अलीकडचाच ना, आणि तो तोच होता. झोताचा फोटो अजून राहिलाय. त्यासाठी मेच्या मध्याला, दुपारी साडेबाराच्या आधी आत पोचायचं, वळवाच्या ढगांवर नजर ठेवून, आणि मामांना सकाळी आकाश विचारूनच. ते नको म्हणाले तर त्या दिवशी उतरायचं नाही असं चौघांचं ठरलंय.